निकालाच्या दिवशी शहर का पेटतं, का शांत राहतं?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

अमेरिकेत पोलिसांवर चालणाऱ्या गाजलेल्या खटल्यांबद्दल वाचकांचे बरेच प्रश्न आले होते. काहींना तिथली न्यायप्रक्रिया समजून घ्यायची आहे. काहींची मुलं तिथे शिकतात आणि निकालाची बातमी आली की घरच्यांच्या जिवाला घोर लागतो. काहींच्या नातेवाइकांची तिथे दुकानं आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून ही उत्तरं देत आहोत.

प्रश्न : एका निकालानंतर शहर जळतं आणि दुसऱ्या निकालानंतर काहीच होत नाही. हे आधी ओळखता येतं का?

बऱ्याच अंशी येतं. लॉस एंजेलिसमध्ये एकाच मारहाणीबद्दल एका वर्षाच्या अंतराने दोन निकाल लागले, आणि त्या दोन दिवसांची तुलना या विषयात सगळ्यांत जास्त शिकवते.

३ मार्च १९९१ रोजी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय वाहनचालकाला पोलिसांनी केलेली मारहाण एका रहिवाशाने कॅमेऱ्यात टिपली आणि ती साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिली. चार पोलिसांवर राज्याच्या न्यायालयात खटला चालला. २९ एप्रिल १९९२ रोजी दुपारी सव्वातीनच्या सुमारास निकाल आला. एका पोलिसावरच्या एका आरोपावर ज्युरीचं (दोषी की निर्दोष ते ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाचं) एकमत झालं नाही, बाकी सगळ्या आरोपांतून सगळे निर्दोष सुटले. शाळा सुटलेल्या, कामावरून माणसं घरी निघालेली, काळोख पडायला तीन-चार तास बाकी. जमाव जमायला याहून सोयीची वेळ नसते.

पोलीस दलाची तयारी जवळजवळ शून्य होती. गस्ती विभागाचे बरेच कॅप्टन प्रशिक्षणासाठी शहराबाहेर होते. पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स त्या संध्याकाळी ब्रेंटवुडमध्ये निधिसंकलनाच्या एका कार्यक्रमाला गेले. फ्लॉरेन्स आणि नॉर्मंडी या रस्त्यांच्या चौकात दगडफेक सुरू झाल्यावर पोलिसांना मागे बोलावलं गेलं आणि नंतर कितीतरी वेळ तिथे कुणी परतलंच नाही. त्याच चौकात एका ट्रकचालकाला बाहेर ओढून झालेली जबर मारहाण हेलिकॉप्टरमधून थेट प्रक्षेपित झाली. पोलीस नाहीत ही बातमी अशा रीतीने घराघरात पोचली. आमच्या मते त्या दिवसातली सगळ्यांत घातक गोष्ट हीच होती. निकालाने लोक संतापलेले होतेच, पण लुटालुटीला मोकळं रान आहे हे त्या चित्रांनी सांगितलं. नॅशनल गार्डचे (राज्याच्या राखीव सैन्यदलाचे) जवान रात्रीत जमा झाले, मात्र त्यांचा दारूगोळा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोचलाच नाही. सहा दिवसांत साठाहून जास्त माणसं गेली आणि सुमारे १ अब्ज डॉलरचं नुकसान झालं.

पुढे याच चौघांवर नागरी हक्कांच्या भंगाबद्दल केंद्रीय न्यायालयात खटला चालला. ज्युरीचा निर्णय शुक्रवारी झाला, पण न्यायाधीशांनी तो वाचायला शनिवार, १७ एप्रिल १९९३, सकाळी सातची वेळ ठरवली. शनिवारी शाळा बंद, कचेऱ्या बंद, रस्ते रिकामे, आणि हाताशी अख्खा दिवसाचा उजेड. पोलीस रात्रभर आपापल्या जागी तैनात होते. शहर शांत राहिलं. या वेळी दोघे दोषी ठरले हेही विसरून चालणार नाही, त्यामुळे श्रेय फक्त तयारीला देता येत नाही. पण तयारीचा वाटा किती मोठा असतो ते मायामीने पुढच्याच महिन्यात दाखवलं. तिथे १९८९ मध्ये गोळीबार केलेल्या विल्यम लोझानो या पोलिसाची फेरखटल्यात निर्दोष सुटका झाली, तरी मोठा भडका उडाला नाही. पोलीस आणि वस्त्यांमधले कार्यकर्ते आधीपासून रस्त्यावर होते.

म्हणून निकालाच्या आधी चार गोष्टी बघाव्यात. घटनेचं चित्रीकरण लोकांनी पाहिलंय का आणि निकाल त्या चित्राच्या किती उलट जाऊ शकतो? ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या समाजाचं ज्युरीत कुणी आहे का? निकालाची वेळ काय? आणि त्या शहरात आधीचा कुठला घाव अजून ओला आहे? १९९२ मध्ये असा घाव होता. लटाशा हार्लिन्स या पंधरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीला गोळी घालणाऱ्या कोरियन दुकानदार महिलेला १९९१ च्या नोव्हेंबरात तुरुंगवास न देता सोडलं होतं. कोरियन लोकांच्या दुकानांचं एवढं नुकसान का झालं, याच्या कारणांत ते एक कारण आहे.

प्रश्न : व्हिडिओत सगळं स्पष्ट दिसत असताना पोलीस सुटतो कसा?

कारण ज्युरीला विचारला जाणारा प्रश्न आपल्या मनातल्या प्रश्नाहून वेगळा असतो. आपण विचारतो, हे योग्य झालं का? ज्युरीला सांगितलं जातं की त्या क्षणी, त्या जागी असलेल्या समंजस पोलिसाला ही बळजबरी वाजवी वाटली असती का ते बघा, आणि नंतरच्या शहाणपणाने तोलू नका. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये ग्रॅहॅम विरुद्ध कॉनर या दिवाणी प्रकरणात ही कसोटी ठरवली आणि फौजदारी खटल्यांतही बचावाचे वकील तिच्याच आधाराने उभे राहतात. वर गुन्हा निःसंशय सिद्ध व्हायला हवा आणि ज्युरीचं एकमत हवं. एकमत झालं नाही तर खटला रद्द होतो आणि सरकारला तो नव्याने चालवता येतो.

शिवाय आरोपांची शिडी असते. ओकलंडच्या फ्रूटव्हेल स्थानकावर १ जानेवारी २००९ च्या पहाटे ऑस्कर ग्रँट या तरुणाला पालथं पाडलेलं असताना योहानेस मेझरली या रेल्वे पोलिसाने पाठीत गोळी घातली. आपण टेझर (विजेचा झटका देणारं हत्यार) काढायला गेलो आणि हातात पिस्तूल आलं, असा त्याचा बचाव होता. ज्युरीने खून नाकारला, संतापाच्या भरातला मनुष्यवधही नाकारला आणि अनवधानाने घडलेल्या मनुष्यवधाच्या पायरीवर थांबली. कायद्याच्या भाषेत हा 'दोषी' असाच निकाल. ग्रँट यांच्या बाजूने उभ्या असलेल्या लोकांना तो सुटकेसारखाच वाटला. त्यामुळे 'दोषी' हा मथळा वाचून निश्चिंत होऊ नका, कोणत्या कलमाखाली दोषी ते बघा.

आणखी एक मुद्दा फारसा बोलला जात नाही. ज्युरी आपल्या निर्णयाची कारणं देत नाही. महिनोन्महिने वाट पाहणाऱ्यांना शेवटी एक-दोन शब्द ऐकायला मिळतात. बाल्टिमोरमध्ये पोलिसांच्या ताब्यात जखमी होऊन दगावलेल्या फ्रेडी ग्रे यांच्या मृत्यूबद्दल पोलिसांवरचे तीन खटले २०१६ मध्ये ज्युरीशिवाय चालले. न्यायाधीशांनी सुटकेची कारणं भर न्यायालयात सविस्तर वाचून दाखवली आणि ज्या शहरात आदल्या वर्षी जाळपोळ झाली होती तिथे तीनही सुटकांनंतर शांतता राहिली. अर्थात कारणं दिली की राग शमतोच असंही नाही. सेंट लुईसमध्ये २०१७ साली न्यायाधीशांनी सविस्तर लेखी निकालपत्र देऊन जेसन स्टॉकली या पोलिसाला खुनाच्या आरोपातून सोडलं आणि आंदोलन कित्येक दिवस चाललं.

प्रश्न : अशा खटल्यांत जागा का बदलतात? त्याने तणाव कमी होतो का?

जागा बदलण्यामागचा हेतू आरोपीला निष्पक्ष ज्युरी मिळावी हा असतो. पण जागा बदलली की ज्युरीची घडण बदलते आणि परिणाम पुष्कळदा उलटा होतो. मायामीत आर्थर मॅकडफी या कृष्णवर्णीय गृहस्थांना पोलिसांनी बेदम मारलं आणि त्यात ते दगावले. तो खटला टँपाला नेला. सहाही ज्युरर गोरे पुरुष होते. १७ मे १९८० रोजी पोलीस सुटले आणि मायामीत १८ जणांचा बळी गेला. किंग यांचा पहिला खटला लॉस एंजेलिसबाहेर सिमी व्हॅलीत चालला, तिथल्या ज्युरीत एकही कृष्णवर्णीय नव्हता. ओकलंडचा खटलाही लॉस एंजेलिसला गेला.

मिनियापोलिसमध्ये २०२० साली डेरेक शॉव्हिन या पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाची मान गुडघ्याखाली दाबून धरली आणि त्यात ते गेले; त्या खुनाचा खटला हलवायला न्यायाधीश पीटर केहिल यांनी नकार दिला. राज्यात असा कोपरा उरलेलाच नाही जिथे या प्रकरणाची चर्चा पोचली नाही, हे त्यांचं कारण होतं. त्याची किंमतही त्यांना मोजावी लागली. ज्युरीची निवड चालू असताना शहराने फ्लॉइड कुटुंबाला २ कोटी ७० लाख डॉलरची भरपाई जाहीर केली आणि आधी निवडलेल्या दोन ज्युररांना वगळावं लागलं. तरी आमच्या मते तो निर्णय बरोबर होता. ज्या गावात घटना घडली तिथल्याच लोकांनी दिलेला निकाल पचायला सोपा जातो, मग तो कसाही असो.

प्रश्न : निकालाची तारीख आधी का सांगत नाहीत?

ज्युरी किती वेळ घेईल हे न्यायाधीशांनाही ठाऊक नसतं. डेरेक शॉव्हिन खटल्यात दोन दिवसांत मिळून दहा-अकरा तासांची चर्चा पुरली, इतर खटल्यांत आठवडा उलटतो. निकाल तयार झाला की ज्युरी न्यायाधीशांना कळवते, वकील आणि आरोपीला बोलावतात, आणि 'अमुक वेळेला निकाल वाचला जाईल' अशी सूचना माध्यमांना जाते. २० एप्रिल २०२१ रोजी या सूचनेपासून वाचनापर्यंत साधारण दीड-दोन तास गेले. सामान्य माणसाच्या हाती तेवढाच वेळ असतो. घरी पोचायचं, मुलांना आणायचं, दुकान आवरायचं ते त्यातच. वाचन झाल्यावर प्रत्येक ज्युररला 'हा तुमचाच निर्णय का' असं विचारतात, तोवर निकाल पक्का धरू नये.

सूचना लांबवणं सोपं असतं आणि चुकीच्या वेळेपर्यंत लांबवलं तर अंगाशी येतं. २४ नोव्हेंबर २०१४ रोजी फर्ग्युसन या गावात कृष्णवर्णीय तरुणाला गोळी घालणाऱ्या पोलिसावर आरोप ठेवायचं ग्रँड ज्युरीने (खटला भरायचा की नाही ते ठरवणाऱ्या ज्युरीने) नाकारलं. निर्णय दिवसा झाला होता, पण तो रात्री आठनंतर जाहीर केला. अंधारात, थंडीत तासन्‌तास ताटकळलेल्या जमावापुढे ती बातमी आली आणि त्या रात्री अनेक इमारती जळाल्या.

प्रश्न : माझी मुलगी तिथे विद्यार्थी व्हिसावर शिकते. निकालाच्या दिवशी तिने काय करावं, काय टाळावं? मोर्चाला जायचंच म्हणते.

मोर्चाला जाणं हा तिथे घटनेने दिलेला हक्क आहे आणि तो नागरिक नसलेल्यांनाही आहे. पण अटकेचा परिणाम तिच्या बाबतीत जास्त खोल जातो. पुढे व्हिसासाठी अर्ज करताना 'कधी अटक झाली होती का' असा प्रश्न असतो, आरोप मागे घेतले गेले तरी उत्तर खरंच द्यावं लागतं. वकिलातीला अटकेवरून व्हिसा रद्दही करता येतो. तेव्हा जायचं असेल तर दिवसाउजेडी, परवानगी घेतलेल्या मोर्चात, ओळखीच्या दोघा-तिघांसोबत जावं आणि अंधार पडण्याआधी परतावं.

निघण्याआधी वकिलाचा किंवा कायदेशीर मदत केंद्राचा दूरध्वनी क्रमांक हातावर न पुसल्या जाणाऱ्या शाईने लिहावा, कारण अटकेत फोन काढून घेतात. फोनचं बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने उघडणं बंद करून सहा आकडी संकेतांक ठेवावा. फोन तपासायला पोलिसांना सहसा न्यायालयाचं वॉरंट लागतं, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या रायली निकालाने ते स्पष्ट केलं आहे. पासपोर्ट आणि आय-२० च्या (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेल्या कागदाच्या) प्रती घरच्या कुणाकडे असाव्यात. कॉन्टॅक्ट लेन्स घालू नयेत, चष्मा लावावा. नेहमीची औषधं एका दिवसापुरती जवळ असावीत.

मोर्चात सगळ्यांत मोठा धोका पांगण्याच्या आदेशानंतरच्या पाच-दहा मिनिटांत असतो. पोलीस ध्वनिक्षेपकावरून 'हा जमाव बेकायदा आहे, अमुक दिशेने निघून जा' असं सांगतात. ते ऐकू आलं की बघत थांबायचं नाही, वाद घालायचा नाही, चित्रीकरणासाठी रेंगाळायचं नाही. सांगितलेल्या दिशेने लगेच चालू लागायचं. रेंगाळणाऱ्यांना चारही बाजूंनी कोंडतात आणि मग बाहेर पडायची वाट उरत नाही. सेंट लुईसमध्ये १७ सप्टेंबर २०१७ च्या रात्री अशा कोंडीत शंभरावर लोकांना अटक झाली, त्यांत पत्रकार होते, आसपास राहणारे होते. म्हणून पोचल्या पोचल्या बाहेर पडायचे दोन रस्ते हेरून ठेवावेत आणि पुलावर किंवा महामार्गावर जाणाऱ्या जमावाबरोबर कधीही जाऊ नये, कारण तिथून मागे वळता येत नाही.

अश्रुधूर सुटला तर वाऱ्याच्या उलट दिशेने आणि उंचावर जायचं. तो हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. डोळे चोळायचे नाहीत. स्वच्छ पाण्याने दहा-पंधरा मिनिटं धुवायचे. दूध वापरू नये, ते निर्जंतुक नसतं. घरी गेल्यावर कपडे वेगळ्या पिशवीत टाकून आधी थंड पाण्याने अंग धुवावं, गरम पाण्याने आग वाढते. छातीत घरघर राहिली किंवा दिसणं धूसर झालं तर थेट रुग्णालय गाठावं.

अटक झालीच तर नाव सांगावं, मग 'मला गप्प राहायचंय, मला वकील हवा' एवढं स्पष्ट बोलून थांबावं. नुसतं गप्प राहणं पुरत नाही, हक्क तोंडाने मागावा लागतो. भारतीय वकिलातीला कळवा अशी मागणीही तिने स्वतः करायला हवी. काही देशांच्या नागरिकांबाबत पोलिसांना आपणहून कळवावं लागतं, भारताच्या बाबतीत मात्र अटक झालेल्याने मागितलं तरच कळवतात. आणि किरकोळ गुन्हा आहे, कबूल करून मोकळी हो, असं कुणी म्हणालं तर स्थलांतराच्या कायद्याचा वकील पाहिल्याशिवाय काहीही कबूल करू नये. तो कबुलीजबाब चाळीस-पन्नास डॉलरच्या दंडाचा असला तरी व्हिसाला नडू शकतो.

जी मुलं घरीच राहणार आहेत त्यांनी शहराचा संचारबंदीचा आदेश मुळातून वाचावा. कुठला भाग, किती ते किती, आणि कामावर किंवा दवाखान्यात जाणाऱ्यांना सूट आहे का, हे त्यात लिहिलेलं असतं. २०२० साली मिनियापोलिसमध्ये रात्री ८ ते सकाळी ६ ची संचारबंदी मोडल्यास १,००० डॉलरपर्यंत दंड किंवा ९० दिवसांपर्यंत कैद होती.

प्रश्न : भावाचं तिथे किराणा दुकान आहे. दंगलीत नुकसान झालं तर विमा मिळतो का?

तिथल्या नेहमीच्या मालमत्ता विम्यात दंगल आणि जाळपोळ बहुधा धरलेली असते. गाडीसाठी मात्र 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' विमा लागतो, नुसता तिसऱ्या पक्षाचा चालत नाही. धंदा बंद राहिल्याची भरपाई अवघड असते. दुकानाला प्रत्यक्ष इजा झाली असेल तर मिळते. केवळ संचारबंदीमुळे शटर खाली राहिलं तर वेगळं कलम लागतं आणि त्यातही बहुतेकदा पहिले ७२ तास धरत नाहीत.

सगळ्यांत आधी बघायची गोष्ट म्हणजे विमा कंपनीला त्या राज्याचा परवाना आहे का. १९९२ मध्ये अनेक कोरियन दुकानदारांकडे स्वस्तात घेतलेले, राज्याचा परवाना नसलेल्या परदेशी कंपन्यांचे विमे होते. कंपन्या बुडाल्या आणि त्यांना दमडी मिळाली नाही. परवानाधारक कंपनी बुडाली तर राज्याचा हमी निधी काही मर्यादेपर्यंत पैसे देतो. राज्याच्या विमा खात्याच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव पाच मिनिटांत तपासता येतं.

निकालाच्या आठवड्यात मालाची यादी आणि प्रत्येक कपाटाचे फोटो काढून दुकानाबाहेर कुठेतरी साठवावेत. गल्ला रिकामा करून त्याचा खण उघडा, रस्त्यावरून दिसेल असा ठेवावा. काचांवर अर्धा ते पाऊण इंच जाडीचं प्लायवुड चौकटीला स्क्रूने बसवावं, खिळे उपटायला सोपे जातात. मागचं आपत्कालीन दार मात्र कधीही ठोकून बंद करू नये. आत माणूस अडकला तर तिथून जीव वाचतो आणि ते बंद करणं अग्निशमन नियमांनाही धरून नाही. कचऱ्याचे मोठे डबे भिंतीपासून दूर न्यावेत. जाळपोळ पुष्कळदा डब्यापासून सुरू होते आणि छपराच्या कडेने आत शिरते. दुकानात रात्री राखण करत बसू नये.

नुकसान झालंच तर झाडण्याआधी फोटो, मग पोलिसांत तक्रार आणि तिचा क्रमांक, मग विमा कंपनीला लगेच कळवणं. फुटलेली काच तात्पुरती झाकून घ्यावी, त्याच्या पावत्या जपाव्यात. पुढचं नुकसान रोखणं ही विमाधारकाची जबाबदारी असते आणि ते केलं नाही म्हणून दावे कापले जातात.

प्रश्न : निकाल लागला, शांतता राहिली. म्हणजे संपलं ना?

नाही. शिक्षा वेगळ्या दिवशी सुनावतात आणि तो दिवसही तेवढाच नाजूक असतो. मेझरलीचा निकाल ८ जुलै २०१० ला लागला, शिक्षा ५ नोव्हेंबरला झाली. ती दोन वर्षांची होती. पिस्तूल वापरल्याबद्दलची वाढीव शिक्षा ज्युरीने मान्य केली होती, ती न्यायाधीशांनी रद्द केली. त्या रात्री ओकलंडमध्ये दीडशेच्या आसपास लोकांना अटक झाली, जुलैतल्या रात्रीपेक्षाही जास्त. शॉव्हिनच्या बाबतीत निकाल २० एप्रिलला आणि साडेबावीस वर्षांची शिक्षा २५ जूनला. तिथल्या आप्तांच्या दिनदर्शिकेत दोन्ही तारखांवर खूण करायला सांगा. सुटका झाली असेल तर केंद्रीय न्याय खातं वेगळा खटला भरणार का याची घोषणा हा तिसरा दिवस, आणि त्याची तारीख मात्र कुणालाच आधी कळत नाही.